व्हाइट येत नाही

पांढऱ्या कागदावर पांढऱ्या शाईने मारलेल्या रेघा मोजायचा प्रयत्न तुम्ही कधी केलाय? मी केलाय. वीस मिनिटं, चष्मा कपाळावर ढकलून, कागद खिडकीच्या उजेडात तिरपा धरून. आई चहा घेऊन आली, जरा वेळ उभी राहिली आणि म्हणाली, "कोऱ्या कागदात एवढं काय वाचतोयस? वाईट बातमी आहे का?"

बातमी वाईटच होती, फक्त वाचता येत नव्हती. प्रिंटरच्या सगळ्या छिद्रांतून शाई उतरते की नाही हे बघायला एक ठरावीक नक्षी छापतात, तिला नोजल चेक म्हणतात. काळ्या, निळ्या, पिवळ्याचा नोजल चेक कुठल्याही रद्दी कागदावर होतो. पांढऱ्याचा मात्र पारदर्शक फिल्मवर काढावा लागतो आणि काळ्या कापडावर धरून बघावा लागतो. हे मला ठाऊक होतं. पण माणूस घाबरला की हाताला लागेल तो कागद मशीनमध्ये घालतो.

रोह्यात माझं टी-शर्ट छापायचं दुकान आहे. आमच्या गावाचा छपाईशी संबंध तसा थोर. 1943 साली रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर झालेले चिंतामणराव देशमुख आमच्या रोह्याचे. त्यांची सही देशभरच्या नोटांवर छापली गेली. त्यानंतर रोह्याचं असं देशभर छापलं गेलेलं काही मला आठवत नाही. मी छापतो ते फार तर कोलाडपर्यंत जातं. टेनिस क्रिकेटचे सामने, कबड्डीचे संघ, धावीर महाराजांची पालखी, गोविंदा, गणपती. कबड्डीत मैदानावर खेळाडू सात, पण संघाला टी-शर्ट लागतात साठ. उरलेले त्रेपन्न जण काय खेळतात, हे विचारायचं नसतं.

आणि हे सगळे टी-शर्ट काळे. पूर्वी लोक हळदीचे डाग दिसू नयेत म्हणून गडद कपडे घालायचे, आता फोटो चांगला येतो म्हणून घालतात. काळ्या कापडावर रंग थेट छापला तर तो विहिरीत टाकलेल्या दगडासारखा जातो. आवाज येतो, दिसत काही नाही. म्हणून रंगाखाली पांढरा थर लागतो. नेमकं हेच गिऱ्हाइकाला पटत नाही. "चार रंगांचे पैसे घ्या की! पांढऱ्याचे कसले पैसे? पांढरा काय रंग आहे?" असं म्हणणारा माणूस दिवसातून एकदा तरी माझ्या काउंटरवर कोपर टेकतो. एकदा एक जण हुशारीने पांढरेच टी-शर्ट घेऊन आला. त्याला सांगावं लागलं की बाबा रे, पांढऱ्या टी-शर्टवरही खाली पांढरा थर लागतोच. चित्र आधी फिल्मवर छापतात, मग टी-शर्टवर दाबतात, आणि चिकटवणारी पावडर धरते ती त्या पांढऱ्यालाच. तो माझ्याकडे, पाण्यात दूध घालतो असं सांगणाऱ्या गवळ्याकडे बघावं तसं बघत गेला.

आता मशीनविषयी. माझा प्रिंटर जन्माने फोटो छापणारा. कंपनी कुठली ते सांगत नाही, कारण यात तिचा काडीचाही गुन्हा नाही. तिने त्याला सहा रंग देऊन, नीट संस्कार करून, लग्नाचे अल्बम छापायला पाठवलं होतं. वाटेत त्याला आमच्यासारखे लोक भेटले. आम्ही फिका निळा आणि फिका गुलाबी या दोघांना निरोपाचा नारळ दिला आणि त्यांच्या खुर्च्यांवर पांढऱ्याला बसवलं. कागद ओढणारी चाकं काढली, फिल्म ओढणारी बसवली. याला बाजारात 'कन्व्हर्टेड' म्हणतात. कंपनीच्या भाषेत याला वॉरंटी संपणं म्हणतात.

अशा कामाला कुठलाही प्रिंटर चालत नाही. शाई फवारणाऱ्या यंत्रांची दोन घराणी आहेत. एक शाईला क्षणात उकळवून बुडबुड्याच्या जोरावर थेंब बाहेर फेकतं. 1977 साली कॅननच्या प्रयोगशाळेत तापलेलं सोल्डरिंग आयर्न चुकून शाईच्या सिरिंजच्या सुईला टेकलं आणि शाई फुर्र्कन उडाली, त्यातून या घराण्याची कल्पना निघाली म्हणतात. दुसऱ्या घराण्यात वीज दिली की वाकणारा स्फटिक असतो, तो शाईला नुसता ढकलतो. एप्सनने 1993 मध्ये या पद्धतीचा प्रिंटर बाजारात आणला. ढकलणाऱ्याला पुढे कोण उभा आहे याच्याशी देणंघेणं नसतं, हे दिवा-रोहा गाडीने जाणाऱ्याला वेगळं सांगायला नको. म्हणून परक्या शाया याच घराण्यात घुसवतात.

तर श्रावणात एका गोविंदा पथकाची ऑर्डर आली. दीडशे काळे टी-शर्ट. पाठीवर वर पथकाचं नाव, मध्ये हंडी, आणि हंडीखाली, थरांच्याही वर, ज्यांच्या कृपेने टी-शर्ट फुकट वाटले जाणार होते ते भाऊ. हात जोडलेले, मान किंचित कलती आणि अंगात पांढराशुभ्र कुडता. मी ॲडव्हान्स घेतला. तेव्हा मला त्या कुडत्याची भीती वाटली नाही. पुढाऱ्यांचा कुडता म्हणजे छपाईच्या भाषेत काय असतं, हे तोवर मी ओळखलं नव्हतं. तो असतो पांढऱ्या शाईचा सलग, न संपणारा मळा.

पहिली फिल्म निघाली. पथकाचं नाव लख्ख. हंडी उत्तम. भाऊंचा चेहरा प्रसन्न. कुडता गळ्यापाशी पांढरा, खिशापाशी राखाडी आणि जोडलेल्या हातांच्या खाली बेपत्ता. टी-शर्टवर दाबून बघितलं तर भाऊ काळोखातून नुसते हात जोडून वर येत होते. पथकाचा अध्यक्ष बघून गेला. म्हणाला, "हे असं घालून आम्ही फिरलो तर भाऊ गेले असं वाटेल लोकांना."

आपल्याकडे दुखणं कळलं की औषधं दारात येतात. समोरचा मोबाइलवाला म्हणाला, शाई फवारणारं हेड गरम पाण्यात बुडव. झेरॉक्सवाला म्हणाला, काचा पुसायचं निळं पाणी सिरिंजने सोड. मेव्हणा म्हणाला, प्रिंटर उलटा करून रात्रभर ठेव. एक वयस्कर गृहस्थ, ज्यांचा प्रिंटरशी संबंध फक्त लाइट बिलापुरता होता, त्यांनी हळूच विचारलं, "मशीन आणल्यावर नारळ फोडला होतास का?" फोडला होता. त्याचं पाणी कुठे उडालं होतं ते मात्र मला नक्की आठवेना.

मी स्वतः एकच औषध करत होतो, हेड क्लीनिंग. बटण दाबलं की मशीन खालून पंपाने शाई ओढून घेतं, घरघरतं, थुंकतं आणि गप्प बसतं. पोरगं जेवत नाही म्हणून दर दहा मिनिटांनी त्याच्या तोंडात घास कोंबावा, तसं मी सकाळपासून अकरा वेळा केलं. ही शाई खालच्या स्पंजात जाते. किती गेली याचा हिशेब मशीन मनात ठेवतं आणि एके दिवशी, स्पंज भरला, आता माझी सेवा समाप्त, असं जाहीर करून लाल दिवे लावून बसतं. त्यामुळे अकराव्या क्लीनिंगनंतर पांढरी शाई भरपूर खर्च झाली होती, फक्त भाऊंवर नाही.

शेवटी पेणच्या टेक्निशियनला फोन केला. पेणचा हा मुलगा जिल्हाभरच्या कन्व्हर्टेड प्रिंटरांचा कुटुंबवैद्य आहे. मी म्हटलं, "व्हाइट येत नाही." तो शांतपणे म्हणाला, "दादा, म्हणजे कशी येत नाही?"

या एका प्रश्नात त्याची अर्धी फी वसूल होते. कारण पांढरी शाई न येण्याच्या चार तऱ्हा आहेत, आणि चौघींची औषधं वेगळी. दर वेळी त्याच जागच्या त्याच रेघा गायब असतील तर ती छिद्रं सुकून बुजलीत. तिथे क्लीनिंगचा उपयोग, नाहीतर धुण्याचं द्रावण. रेघा दर वेळी जागा बदलून गायब होत असतील, आणि क्लीनिंगनंतर आणखीच बिघडत असेल, तर कुठूनतरी हवा शिरतेय. शाई हेडपर्यंत पोचवणारा डॅम्पर सैल असेल, नाहीतर हेडखालची रबरी टोपी घट्ट बसत नसेल. सुरुवात झकास, मग हळूहळू फिकं, आणि दहा मिनिटं सोडलं की पुन्हा झकास, तर छिद्रं निर्दोष आहेत, मागून पुरवठा कमी पडतोय. आणि सगळ्या रेघा हजर, पण पांढऱ्याऐवजी ताकाचं पाणी उतरतंय, तर शाई तळाला बसलीय.

"आपली तिसरी दिसतेय," माझं ऐकून तो म्हणाला. "भाऊंना निळा शर्ट नाही का?" मग स्वतःच म्हणाला, "पण त्यानेही काही होणार नाही. निळ्याच्या खालीही पांढरी लागतेच." येतो म्हणाला. कधी, ते त्याच्या हातात नव्हतं. पेणहून रोह्याला यायचं म्हणजे वडखळ, नागोठणं, मग भिसे खिंड. मुंबई-गोवा महामार्गाचं चौपदरीकरण हाच एक पुरवठा कमी पडल्याचा जुना आजार आहे. सुरुवात झकास, मग फिकं, मग खड्डा. वडखळच्या जामातून त्याने दुपारी फोन केला, "दादा, मी पण चोक झालोय."

तोवर मी माहितीपत्रकं काढली. परदेशी माहितीपत्रकांची एक मोठी काळजी असते, खोलीतली हवा कोरडी पडू देऊ नका. दमटपणा 40 टक्क्यांच्या खाली गेला तर शाई सुकते, सबब खोलीत वाफ सोडणारं यंत्र लावा. हे मी रोह्यात, श्रावणात वाचत होतो. ज्या जिल्ह्यात वर्षाला सरासरी 3000 मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो, जिथे मिठाला पाणी सुटतं, काडेपेटी पेटायच्या आधी तीनदा विचार करते आणि पापड तळायच्या आधीच मऊ होऊन लोळतो, तिथे हवेत वाफ सोडायची? आमच्या छिद्रांना पावसाळा मानवतो हे खरं. पण फिल्मवर ओल्या शाईला चिकटवायची ती पावडर पावसात पिठल्याच्या गुठळ्यांसारखी होते आणि नको तिथेही चिकटते. त्यामुळे माझ्या फिल्मवर भाऊंना कुडता नव्हता, पण भोवती चांदणं होतं. त्यात छपाई अर्धी झाली की वीज जायची. हेड टोपीवर परत न जाताच वाटेत उघडं पडायचं, म्हणजे तेवढ्यात चौथाईभर सुकायचं. कोकणात कोरड्या हवेची उणीव वीजमंडळाने अशी भरून काढली आहे.

संध्याकाळी आई दुकानात आली. मी टाकीकडे बघत बसलो होतो. तिने विचारलं, "झाकण लावलेलं असताना शाई खाली कशी जाते रे?"

म्हटलं, "नळीने."

"नळीने जाते ते कळलं. पण हवा कुठून आत जाते? तेलाच्या डब्याला एकच भोक पाडलं तर तेल येतं का? थेंब थेंब येतं, मग गळा आवळल्यासारखं गुळगुळतं. दुसरं भोक पाडावं लागतं."

टाकीच्या वर हवेसाठी एक बारीक छिद्र असतं. त्याला एक रबरी बूच असतं, ते फक्त प्रवासात लावायचं. मशीन घरी आलं की काढायचं. मी काढलंही होतं. पण आठवड्यापूर्वी टाकीवर मुंग्या फिरताना दिसल्या, म्हणून मीच ते पुन्हा घट्ट दाबून बसवलं होतं. आईने सांगेपर्यंत मी हेड, डॅम्पर, पंप, विद्युत पुरवठा, स्फटिक आणि नारळ एवढ्या सगळ्यांवर संशय घेतला होता. बूच काढलं, टाकीने सुस्कारा सोडला. खरंच सोडला, ऐकू आला. अर्ध्या तासात भाऊंचा कुडता कमरेपर्यंत उतरला. आई म्हणाली, "त्या पेणच्या पोराला सांग, फी मला दे." तो मुलगा तोवर वडखळहूनच माघारी गेला होता.

त्या रात्री साठ फिल्मा छापून मी झोपलो. सकाळी आलो, मशीन चालू केलं, तर कुडता साऱ्या रेघांसकट हजर, पण रंग? ताकाचं पाणी. चौथी तऱ्हा.

पांढऱ्या शाईचा स्वभाव समजून घ्यायला हवा. तिच्यात पांढरेपणा येतो तो टायटॅनियम डायऑक्साइडच्या कणांमुळे. गंमत म्हणजे हा पांढराशुभ्र रंग काळ्या वाळूतल्या इल्मेनाइटपासून काढतात. तशी काळी वाळू आपल्या रत्नागिरीच्या किनाऱ्यावरही आहे. त्याचे कण पाण्याच्या जवळजवळ चौपट जड. बरं, मग ते आणखी बारीक का दळत नाहीत? कारण प्रकाश उधळून लावायला कण साधारण पाव मायक्रॉनचा तरी लागतो. त्याहून फार बारीक केला तर तो आरपार दिसायला लागतो, मग पांढरा म्हणून उपयोग शून्य. म्हणजे तो जड आहेच, वर लठ्ठही असायला हवा. अशा कणाने द्रवात काय करायचं, ते स्टोक्स नावाच्या ब्रिटिश गणितज्ञाने 1851 मध्येच सांगून ठेवलंय. व्यास दुप्पट झाला की खाली बसायचा वेग चौपट. बाकीचे रंग शाईत तरंगत असतात. पांढरा घरजावयासारखा, हलवलं नाही तर बसतो, आणि एकदा बसला की बसतो.

या वेळी मीच पेणला गेलो, सकाळच्या गाडीने. टेक्निशियनचं दुकान एका गणपतीच्या कारखान्याला लागून आहे. गोपाळकाला आणि गणेश चतुर्थी यांच्यात जेमतेम दहा-अकरा दिवस असतात. त्यामुळे गोविंदाच्या आधीपासूनच पेणमध्ये कुणाला वेळ विचारणंही पाप. हमरापूर-जोह्यापासून पेणच्या गल्ल्यांपर्यंत सगळीकडे गणपतीच गणपती. काही नुसते पांढरे, काही अंगाच्या रंगावर आलेले, काही डोळ्यांची आखणी व्हायची वाट बघत मिटल्यासारखे बसलेले. आखणी करणारा कारागीर सगळ्यात मानाचा. त्याला बसायला पाट, वर पंखा, आणि तो काम करताना कुणी मोठ्याने बोलत नाही. पांढरा हात मारायचं काम नव्या पोराचं. त्याला पंखा नाही.

टेक्निशियन कुठेतरी गेला होता, म्हणून मी कारखान्याच्या दाराशी थांबलो. आत सत्तरी ओलांडलेले एक काका स्टुलावर बसून पांढऱ्या रंगाची बादली काठीने ढवळत होते. अंगाला पांढरे शिंतोडे, नजर दुसरीकडे, हात चालू. पंधरा मिनिटं मी बघतोय, हात चालूच. राहवेना, विचारलं, "काका, मिसळलाय रंग चांगला, अजून किती ढवळणार?"

"संपेपर्यंत," ते म्हणाले.

"मधे थांबत नाही?"

"मी थांबलो तर हा बसतो. वरचं पाणी मूर्तीला लागतं आणि खालचा दगड बादलीला राहतो. मग वरचे रंग कितीही भारी मारा, पितांबर मळकाच दिसतो." जरा थांबून, म्हणजे बोलायचे थांबून, हात न थांबवता ते म्हणाले, "पोरं म्हणतात, पांढऱ्याला काय अक्कल लागते. मी चाळीस वर्षं आखणी केली. आता हात कापतो म्हणून इकडे आलो. खरं सांगू? हे काम आधी शिकायला हवं होतं."

तेवढ्यात टेक्निशियन आला. माझं सगळं ऐकून त्याने नवे डॅम्पर दिले, टाकीत फिरणारं एक छोटं मोटरीचं पातं दाखवलं, त्याची किंमत सांगितली, माझा चेहरा बघितला आणि म्हणाला, "नाहीतर काय, रोज सकाळी हाताने हलवा. पण जोरात खळखळवू नका हां, फेस होतो, मग हवा शिरते आणि दुसरी तऱ्हा सुरू. सावकाश, उलटसुलट. आणि रोज थोडं तरी छापा. नळीत उभी राहिलेली शाईसुद्धा बसते."

परत येऊन नळ्यांतली बसलेली शाई सिरिंजने ओढून काढली, डॅम्पर बदलले, टाकी सावकाश हलवली. पारदर्शक फिल्मवर नोजल चेक काढला, आईच्या काळ्या छत्रीवर धरून बघितला. सगळ्या रेघा उभ्या, गोविंदाच्या थरासारख्या, एकही गळलेला नाही. उरलेले नव्वद टी-शर्ट पहाटेपर्यंत झाले. हीट प्रेसखाली 160 अंशांना पंधरा-पंधरा सेकंद दाबून भाऊंना मी दीडशे वेळा घाम आणला. सकाळी पथकाचा अध्यक्ष आला, एक टी-शर्ट उजेडात धरला आणि म्हणाला, "रंग भारी आलेत." पांढऱ्याविषयी एक अक्षर नाही. मग पाकीट काढलं आणि म्हणाला, "ते पांढऱ्याचे तेवढे कमी करा ना."

तेव्हापासून माझा दिवस ठरलेला आहे. सकाळी साडेसातला दुकान उघडतो, देवाला उदबत्ती लावतो, मग टाकी हातात घेऊन पाच मिनिटं उलटसुलट करतो आणि एक लहानसा पांढरा चौकोन छापतो. कुणी ऑर्डर देवो न देवो, रविवार असो, अमावास्या असो. लग्नाला परगावी गेलो तर हे काम आई करते. बुचाला ती मला हात लावू देत नाही. ते तिच्या कपाटात कुलूपबंद आहे. मुंग्यांसाठी टाकीभोवती हळद टाकलीय.

गणपतीच्या टी-शर्टच्या ऑर्डरी घेणं चालू आहे. आदल्या रात्री येऊ नका. आणि काउंटरवर कोपर टेकायच्या आधी वरची पाटी वाचा. ती मी काळ्या कापडावर पांढऱ्या अक्षरांत छापून लावली आहे: 'पांढऱ्याचे पैसे वेगळे पडतील.'